आमची नवी छोटी गाडी आणि तिचा हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही टाटांची टियागो ही छोटी गाडी घेतली, सीएनजीची. तेव्हापासून गद्दीवर येणारा प्रत्येक दुसरा माणूस एकच गोष्ट विचारतो, "सेठ, ॲव्हरेज किती देते?" उत्तर देऊन देऊन आम्ही कंटाळलो. शेवटी ठरवले की सहा महिन्यांचा अनुभव एकदाच लिहून काढावा, म्हणजे चहाचे कप तरी वाचतील.

आधीच सांगून ठेवतो की आम्ही मोटारीचे जाणकार नाही. इंजिनाचे झाकण उघडले तर आम्हाला सायझिंगच्या मशीनइतकेही कळत नाही. आमचा धंदा ग्रे कापडाचा. मालेगावात माल विणून घ्यायचा आणि भिवंडी, मुंबईला विकायचा. त्यामुळे गाडीकडे आम्ही वहीतल्या एका खात्यासारखे पाहिले. या खात्यात नावे किती आणि जमा किती, एवढेच आम्हाला समजते.

आमच्या लहानपणी किदवाई रोडवर मोटार आली की पोरे मागे धावत. बाजारातल्या मोजक्या बड्या आसामींकडे प्रीमियर पद्मिनी असे आणि ती दारात उभी असली की सूतवाला न विचारता माल उधार देई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मोटार हळूहळू मध्यम माणसाच्या आवाक्यात आली. तरी आमचे अब्बा शेवटपर्यंत एसटीनेच भिवंडीला गेले. त्यांचे म्हणणे असे, की गाडी दिसली की देणेकरी सावध होतो आणि घेणेकरी जागा होतो. या बोलण्याचा अर्थ आम्हाला उशिरा कळला. तो पुढे येईल.

आमची आधीची गाडी चौदा वर्षांची, डिझेलची. ती गॅरेजमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी असे. नवी डिझेल घ्यावी म्हटले तर एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर छोट्या गाड्यांतून डिझेल जवळजवळ हद्दपारच झाले. म्हणजे पेट्रोल, सीएनजी किंवा वीज. विजेची गाडी शहरात उत्तम, पण भिवंडीचा फेरा सुमारे अडीचशे किलोमीटर एका बाजूचा. वाटेत चार्जिंगसाठी तासभर थांबण्याची फुरसत आम्हाला नाही.

आम्ही दोन वर्षे टाळत होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला तेव्हा मन वळले. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर तोपर्यंत २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का सेस होता. तो सरळ १८ टक्क्यांवर आला. कराआधीची किंमत सहा लाख धरली, तर कर १ लाख ७४ हजारांवरून १ लाख ८ हजार झाला, म्हणजे ६६ हजार रुपये वाचले. त्याच दिवसापासून पॉलिएस्टर सुतावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, त्याचा आनंद आम्हाला गाडीपेक्षा जास्त होता. कापडावर पाच आणि सुतावर बारा या उलट्या हिशेबात कारखानदारांचे पैसे किती वर्षे अडकून राहत होते, ते ज्याचे त्याला माहीत.

इथे व्यापारी बांधवांना एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण बाजारात याबद्दल बराच गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते की दुकानाच्या जीएसटी नंबरवर गाडी घेतली की कर परत मिळतो. तसे नाही. ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंत बसतील अशा प्रवासी गाडीच्या खरेदीवरचे क्रेडिट कायद्याने बंद केलेले आहे. अपवाद आहेत ते गाड्यांचाच व्यापार करणारे, भाड्याने प्रवासी नेणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांच्यासाठी. माल वाहणाऱ्या टेम्पोचे क्रेडिट मात्र मिळते. म्हणून ज्याला मुख्यत: माल हलवायचा आहे त्याने छोटा टेम्पोच घ्यावा, कार घेऊन स्वत:ला फसवू नये. आयकरात कारवर घसारा १५ टक्के मिळतो, तोही गाडी धंद्यासाठी वापरली तेवढ्याच भागापुरता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलेल्या गाडीला त्या वर्षी त्याच्या निम्माच मिळतो, कारण मार्चअखेरपर्यंत १८० दिवस भरत नाहीत. आम्ही नोव्हेंबरात घेतली, तेव्हा आम्हालाही निम्माच. आणि जे आपले उत्पन्न उलाढालीच्या टक्केवारीने दाखवतात त्यांना घसारा वेगळा मिळतच नाही. शोरूममधला पोरगा हे काही सांगत नाही, त्याला माहीतही नसते.

रस्ता कराचेही तसेच. महाराष्ट्रात पेट्रोलपेक्षा सीएनजी गाडीला तो कमी आहे, जरी जुलै २०२५ मध्ये राज्याने सीएनजीचा दर एक टक्क्याने वाढवला. कंपनीच्या नावावर गाडी नोंदवली तर मात्र हा कर बराच जास्त बसतो. आम्ही स्वत:च्या नावावर घेतली.

आता गाडीबद्दल. टियागो २०१६ पासून बाजारात आहे. लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातल्या गल्लीत वळते. समोरून बीम लादलेली हातगाडी आली तरी कोणाला शिवी द्यावी लागत नाही, हे मालेगावात छोटे सुख नव्हे. इंजिन बाराशे सीसीच्या आतले, तीन सिलिंडरचे. सकाळी चालू करताना थोडी थरथर जाणवते. चार सिलिंडरच्या गाडीची सवय असलेल्याला ती खटकेल, पण लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला ती ऐकूही येत नाही.

ही गाडी आम्ही निवडली ती डिकीसाठी. सीएनजी गाडीत आजवर एक मोठी टाकी डिकीत आडवी पडलेली असे आणि सामान मांडीवर घ्यावे लागे. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली. आधी अल्ट्रोझमध्ये, मग टियागोत. वरती सपाट फळी. आम्ही त्यावर नमुन्याचे सात-आठ ताके आणि एक बॅग सहज ठेवतो. पूर्वी नमुने मागच्या सीटवर रचावे लागत आणि घरची मंडळी बरोबर असली की नमुने घरी राहत. अर्थात नमुने नेणे वेगळे आणि माल नेणे वेगळे. खासगी गाडीत गाठोडी कोंबून धंद्याचा माल वाहू नका. अपघात झाला तर विमा कंपनी त्याच कारणावर बोट ठेवील. नमुन्याचे चलन मात्र आम्ही नेहमी बरोबर ठेवतो, रस्त्यात कोणी अडवले तर वाद नको.

गाडी थेट गॅसवर चालू होते, आधी पेट्रोल जाळावे लागत नाही. गॅस भरायला झाकण उघडले की इंजिन बंद पडते आणि झाकण नीट लागल्याशिवाय चालू होत नाही. पहिल्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हते. पंपावर झाकण अर्धवट राहिले आणि आम्ही पाच मिनिटे चावी फिरवत बसलो, मागे रिक्षावाल्यांचा भोंगा. शेवटी मुलाने मोबाईलवर माहिती-पुस्तक काढून वाचून दाखवले. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजी पुस्तक म्हणजे दुसऱ्याची खातेवही, पण मुलगा बरोबर होता म्हणून निभावले.

आता तो ॲव्हरेजचा प्रश्न. कंपनीचा आकडा किलोला २६.४९ किलोमीटरचा आहे. आमच्या वहीत साडेआठ हजार किलोमीटरची सरासरी २३ निघाली, एसी लावून आणि घाट धरून. पेट्रोलवर आम्हाला १७ मिळाले. आता गॅसचा भाव किलोला शंभर रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर असे धरा. गॅसवर किलोमीटरला सुमारे ४ रुपये ३५ पैसे पडतात आणि पेट्रोलवर सुमारे ६ रुपये १८ पैसे. फरक १ रुपया ८३ पैशांचा. सीएनजीची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा सुमारे ९० हजारांनी महाग पडली. आमचे फिरणे महिन्याला चौदाशे किलोमीटर, म्हणून बचत साधारण अडीच हजार आणि ९० हजार वसूल व्हायला तीन वर्षे. ज्याचे फिरणे महिन्याला पाचशे किलोमीटर आहे, त्याला हेच पैसे वसूल करायला आठ वर्षांहून जास्त लागतील. अशा माणसाने सीएनजीच्या नादी लागू नये, सरळ पेट्रोल घ्यावी. बाजारात उलटेच दिसते. ज्याची गाडी शुक्रवारीच बाहेर निघते तोही गॅसच्या रांगेत उभा.

रांगेचे दु:ख वेगळे. दोन्ही टाक्या भरल्या तरी पल्ला दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मालेगावहून भरून निघालो की भिवंडीला पोचायच्या आत एकदा भरावाच लागतो. आम्ही नाशिकला थांबतो. सकाळी सहाला पंप गाठला तर दहा मिनिटे, नऊला गाठला तर पाऊण तास. दाब कमी असला की टाकी अर्धीच भरते आणि पंपवाला म्हणतो, "दुपारी या." दुपारी आम्ही भिवंडीत असायला हवे ना! अशा वेळी पेट्रोलची टाकी कामाला येते. ती पस्तीस लिटरची आहे, आम्ही ती निम्मी तरी भरलेली ठेवतो. आणखी एक. सीएनजीच्या टाक्यांची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घेणे सक्तीचे आहे. हा खर्च आणि तो दिवस आत्ताच वहीत लिहून ठेवा.

घाटाबद्दल पुष्कळांना शंका असते. गॅसवर इंजिनाची ताकद कमी होते हे कंपनीच्या आकड्यांतच आहे. पेट्रोलवर ८६ पीएस आणि गॅसवर ७३ च्या आसपास. जाताना कसारा उतरायचा असतो, तेव्हा प्रश्न नाही. येताना चार माणसे आणि ताके घेऊन चढताना दुसऱ्या गिअरवर यावे लागते. आम्ही तेवढ्या चढापुरते बटण दाबून पेट्रोलवर घेतो आणि इगतपुरीला पुन्हा गॅसवर. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तर कसारा टाळताही येतो. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी कधी खाली उतरली ते समजत नाही आणि आमणेहून भिवंडी हाकेच्या अंतरावर. पण तिथे शंभरच्या वेगाने पळवली की ॲव्हरेज वीसच्या खाली येते आणि टोल वेगळा. घाई नसली की आम्ही जुन्याच रस्त्याने जातो. शहापूरला चहाही मिळतो.

सुरक्षेबाबत एवढेच की जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले होते. आमच्या मुलीने ते पाहूनच होकार दिला. चालवते जास्त तीच. अम्मींना नाशिकला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे असते, तेव्हा पूर्वी आमचा किंवा मुलाचा एक दिवस जाई आणि बाजाराचा दिवस असला तर अम्मीच म्हणत, "राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू." असे करता करता चार-चार महिने जात. आता मुलगी घेऊन जाते. हे जमेच्या बाजूला किती रुपये लिहायचे ते आम्हाला ठरवता आले नाही. अम्मींना बसताना जरा वाकावे लागते. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे जास्त आहेत त्यांनी उंच बांधणीची वॅगन आरही बसून पाहावी.

पैशांचे कसे केले, हेही लोक विचारतात. आम्हाला बँकेचे कर्ज घ्यायचे नव्हते. व्याज देणे-घेणे आम्ही टाळतो आणि वाचकांपैकी अनेकांचे तसेच असेल. सगळे मिळून खर्च सव्वासात लाखांच्या घरात गेला. जुन्या गाडीचे थोडे आले, तीन लाखांची बीसी लागली आणि बाकीचे पैसे भिवंडीच्या वसुलीतून. रोखीने द्यायचे मनात असेल तर विसरा. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. सगळे बँकेतून द्यावे लागते. दोन-तीन शोरूम फिरलो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल असे सांगितले आणि वर "हँडलिंग"चे काही हजार लावले. विमा बाहेरून घेण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. आम्ही उठून निघालो तेव्हा दारापर्यंत येऊन हँडलिंग माफ केले. पण उठलेला गिऱ्हाईक आम्हीही ओळखतो. आम्ही थांबलो नाही, गाडी दुसरीकडून घेतली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरे तर लिहायला बसलो. गाडी घरी आली त्या दिवशी संध्याकाळी गद्दीवर पेढे वाटत होतो. एक कारखानदार भाई आले. चोवीस लूम आहेत त्यांच्याकडे, अठरा वर्षे आमचा माल विणतात. त्यांनी "मुबारक हो सेठ" म्हटले, पेढा घेतला आणि गप्प बसून राहिले. दुसरे कोणी असते तर तकादा केला असता. त्यांनी केला नाही. पेढा हातातच होता. तेव्हा आम्हाला आठवले की त्यांचे बिल सत्तर दिवसांपासून बाकी आहे. भिवंडीची वसुली आली होती, पण ती शोरूमला गेली. बाजार मंदा आहे, पार्टीचे पैसे आले नाहीत, असे आम्ही त्यांना दोनदा सांगितले होते आणि दारात चकचकीत गाडी उभी होती.

कायद्याची बाजू अशी की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत चुकवावे लागते. मार्चअखेरपर्यंत उशिराचे देणे बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जात नाही. त्यांचे उद्यम रजिस्ट्रेशन आहे, ते आम्हाला ठाऊक होते. मार्चअखेर गाठता येईल एवढाच आम्ही हिशेब केला होता. त्यांच्या चोवीस लूमच्या मजुरांची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, हा हिशेब केला नव्हता. अब्बा जे म्हणत होते ते तेव्हा कळले. गाडी दिसली आणि घेणेकरी जागा झाला, पण बोलला नाही, आणि त्याचे न बोलणे आम्हाला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या पार्टीकडून नड भागवून त्यांचे पैसे पाठवले. मग वही काढून बसलो. ४५ दिवसांवरची आणखी तीन बिले निघाली. ती चुकवायला पाच आठवडे लागले आणि तेवढे दिवस गाडी फक्त नाशिकच्या डॉक्टरपुरती बाहेर काढली, बाजारात चालतच गेलो. आता गाडीच्या खात्याशेजारच्या पानावर कारखानदारांची बाकी तारखेसह लिहितो. एक पान उघडले की दुसरे दिसतेच. आमचे म्हणणे असे नाही की व्यापाऱ्याने गाडी घेऊ नये. भिवंडीचा फेरा आता एका दिवसात होतो, पूर्वी एक मुक्काम पडे. पण खरेदीच्या दिवशी ज्यांचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत त्यांची यादी आधी काढावी आणि ती मोकळी होईपर्यंत जुनी गाडी रेटावी. आमची चौदा वर्षांची गाडी आणखी दोन महिने चालली असती.

पुढच्या बुधवारी भिवंडीला जायचे आहे. तेच कारखानदार भाई बरोबर येतो म्हणाले. गॅसची गाडी घाट कशी चढते ते त्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे, कारण मुलगा घरात गाडी घ्या म्हणून मागे लागला आहे. त्यांचे महिन्याचे फिरणे विचारले तर चारशे किलोमीटरही नाही. आम्ही त्यांना पेट्रोलचीच घ्या म्हणून सांगितले. ते म्हणतात, आधी घाट तर बघू द्या.